कारवीची नोंद नाही

मुलुंड, २९ जून २०२५

प्रिय वेन, आणि तू मोठ्याने वाचत असशील तर ऐकणाऱ्या एडनाबाईंनाही नमस्कार,

या महिन्याच्या दहा तारखेला, मंगळवारी, सकाळी सात वाजता मी डोंगरपायथ्याच्या निसर्ग केंद्राचं कुलूप उघडलं, पायरी झाडली, आतल्या कोनाड्यातल्या देवाला उदबत्ती लावली आणि बाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलं, ‘या आठवड्यात: नवरंग पक्षी आला आहे.’ लिहून दोन पावलं मागे आलो. मग फडका ओला केला आणि ते पुसून टाकलं. फळा वाळेपर्यंत तिथेच उभा राहिलो. नंतर दार ओढून घेतलं, पुन्हा कुलूप लावलं आणि छत्री घेऊन डोंगराच्या वाटेला लागलो. गेल्या सोळा महिन्यांत त्या वाटेने मी पहिल्यांदाच जात होतो.

तुला हे विचित्र वाटेल. तू दर फोनला माझ्या गुडघ्याची चौकशी करतोस. गुडघा ठीक आहे, वेन. तो कधी दुखतच नव्हता. रविवारी लोकांना जंगलात फिरवायचं टाळण्यासाठी मी केंद्राच्या समितीला ते कारण दिलं आणि मग तुलाही तेच सांगत राहिलो. पण हे पत्र त्याहून मोठ्या खोटेपणाबद्दल आहे. मेलबर्नला लेकीकडे जाताना तू जी नोंदवही माझ्या हातात दिलीस, ती मी बिघडवली आहे. एक-दोन ओळी नाही, सव्वा वर्ष. फोनवर सांगायचा दोनदा प्रयत्न केला. एकदा तू तिकडच्या कुठल्यातरी काळ्या-पांढऱ्या पक्ष्याची नक्कल करायला लागलास, एडनाबाई मागून म्हणाल्या की आता हा शेजाऱ्यांना गोळा करणार, आणि माझं बोलणं राहून गेलं. दुसऱ्या वेळी मीच फोन ठेवला. लिहिताना मधे कोणी हसवत नाही, म्हणून लिहितोय.

साकीनाक्याच्या त्या पत्र्याच्या कारखान्यात मी लेथवर उभा राहिलो तेव्हा वीस वर्षांचा होतो, आणि तू माझा फोरमन होतास. मरोळ गावठाणातला माणूस, रविवारी चर्चमधून सुटला की दुर्बीण गळ्यात अडकवून डोंगरात जातो, याचं मला नवल वाटायचं. मला सोबत नेलंस ते, मला वाटतं, पाण्याची बाटली धरायला. पण आमच्या कुडाळकडच्या शाळेत गुरुजींनी आम्हाला झाडं शिकवली होती. तू ज्याला इंग्रजीत काहीतरी लांबलचक म्हणायचास त्याला मी कुडा, कुंभा, ऐन, असाणा म्हणत गेलो, आणि दोन-तीन रविवारांनी बाटली तुझ्या हातात आली. दोन हजार तीन साली तू लाल कापडाच्या पुठ्ठ्याची पहिली वही आणलीस. कुठलं झाड कधी फुललं, कुठला पक्षी कुठे दिसला, तारीख, वेळ, जागा. पहिल्याच महिन्यात मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, ‘ओढ्याजवळ बिबट्या.’ तू विचारलंस, दिसला का. मी म्हटलं, ठसे ताजे होते. तू ती ओळ खोडलीस आणि म्हणालास, "ठसे बघितलेस ना, मग ठसे लिही. बिबट्या तुझ्या डोक्यात आहे." मला तेव्हा राग आला होता. पुढे कारखाना बंद पडला, केंद्राला राखणदार हवा होता, तू माझं नाव सुचवलंस, आणि त्या वहीने मला जगायची एक रीत लावून दिली.

माघ-फाल्गुनात काटेसावर, तिच्या मागोमाग पळस आणि पांगारा. चैत्रात कुसुमाला तांबडी पालवी फुटायची आणि नवखे लोक तिलाच फुलं समजायचे. ऊन तापलं की तांबटाची टुकटुक, वैशाखात बहावा, मेच्या अखेरीला ओढ्याच्या काठाने काजवे. मग नवरंग. श्रावणात खोडांवर गोगलगायी आणि नखाएवढी बेडकं, भाद्रपदात तेरडा आणि जाळ्याच्या मधोमध नक्षी काढणारे कोळी, थंडीला उत्तरेकडून आलेले धोबी आणि माशीमार पक्षी. रविवारी सुगंधा डब्यात घावणे घेऊन यायची. आपण दोघं वहीवर डोकी घालून बसलेले बघून म्हणायची, "तुमच्या पाखरांचा नशीब माझ्यापरीस बरा. तेंका रोज कोणीतरी बघता." तू तेव्हा म्हणायचास की वहिनी, तुमच्यासाठीही एक रकाना ओढतो. आपण सगळे हसायचो.

मग तिच्या किडन्या गेल्या. घाटकोपरचं इस्पितळ, दिवसाआड डायलिसिस, ते सगळं तुला माहीत आहे. चोवीस सालच्या फेब्रुवारीत ती गेली. दिवसवार आटोपल्यावर सौरभ म्हणाला, बाबा, थोडे दिवस पुण्याला माझ्याकडे चला. मी म्हटलं, फळा कोण लिहिणार. पण फळ्यावर लिहायचं तर वर जाऊन बघावं लागतं, आणि वाटेच्या तोंडाशी आलो की पाय थांबायचे. दुःखाने थांबायचे असं म्हणालो तर तेही खोटं होईल. मला काही होतच नव्हतं. भूक लागत होती, झोप लागत होती. देवासमोर बसलो की ओठ नाव घ्यायचे आणि मी जणू शेजारच्या खोलीतून ते ऐकत असायचो. पहिल्या दिवशी मी तेवीस सालची वही काढली आणि त्या तारखेला काय लिहिलंय ते बघितलं. ‘ओढ्यापलीकडचा पळस फुलला.’ म्हटलं, फुललाच असणार. लिहून टाकलं.

त्यानंतर तीच सवय झाली. तेवीसची वही डाव्या हाताला, चोवीसची उजव्या. तारखा एक-दोन दिवस मागेपुढे करायचो, चार चितळं असली तर पाच करायचो, कधी शाई बदलायचो. इतकी अक्कल चालत होती, म्हणजे आपण काय करतोय हे मला कळत होतं. पण लबाडीची लाजही वाटत नव्हती. फळ्यावरचं वाचून लोक वर जायचे आणि बहुतेकांना ते दिसायचंही, कारण जंगल माझ्यासाठी थांबलं नव्हतं. पांगारा फुलला, मी उतरवला. काजवे आले असतील, मी उतरवले. ऋतू सगळे त्या खोलीत टेबलावरून गेले.

पण एक गोष्ट तेवीसच्या वहीत नव्हती. कारवी. सोळा साली ती आपण तिघांनी बघितली होती. सुगंधाच्या साडीला मधमाशा चिकटल्या होत्या आणि तू तिला हलू देत नव्हतास. आठ वर्षांनी एकदा फुलते, तेव्हा चोवीसला तू जिथे असशील तिथून यायचंस असं तेव्हाच ठरलं होतं. ऐन वेळी एडनाबाईंचं ऑपरेशन निघालं, तू येऊ शकला नाहीस. फोनवर म्हणालास, "गुण्या, माझ्या वाटचीही बघ." मी हो म्हटलं. सप्टेंबरात अख्खा उतार जांभळा-निळा झालाय असं लोक सांगायचे. रविवारी फाटकाशी गर्दी व्हायची. ते वाट विचारायचे, मी हात करायचो, ओढा ओलांडा आणि डावीकडे चढा. उतरताना ते मला फोनमधले फोटो दाखवायचे, मी छान म्हणायचो. मग आत येऊन वहीत लिहायचो, ‘तेरडा भरपूर’, कारण तेवीसला त्या दिवशी तेरडा होता. डोंगर आठ वर्षांनी फुलला होता आणि मी पायथ्याशी त्याच्याकडे पाठ करून जुनी वही उतरवत होतो. तुला मात्र सांगितलं की कारवी झकास आहे. तू खूश झालास.

आता मानसीचं सांगतो. घाटकोपरच्या कॉलेजातून पीएच.डी. करणारी ती मुलगी, तुझ्याशी एकदा व्हिडिओ कॉलवर बोलली होती. आपल्या सगळ्या वह्या तिने कॉम्प्युटरमध्ये घातल्यात. फुलं, पक्षी दरसाल किती दिवस पुढेमागे होतात आणि हवामानाशी त्याचं काय नातं आहे, हे ती शोधते आहे. नऊ जूनला ती लॅपटॉप घेऊन आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. तिने दोन रेघा दाखवल्या, तेवीस सालची आणि चोवीसची. एकीवर एक बसत होत्या. म्हणाली, आधीच्या वीस वर्षांत असं एकदाही झालेलं नाही, म्हणजे काहीतरी स्थिरावतंय, आणि त्यावर तिने एक पूर्ण प्रकरण लिहिलंय. पंधरा तारखेला ते तिच्या मार्गदर्शक बाईंना द्यायचं होतं. मग चोवीसची वही उघडून तिने सप्टेंबरातला एक रिकामा रकाना दाखवला. "काका, कारवी विसरलात ना? तारीख लिहून टाका, मी घेते आत." आणि पेन पुढे केलं. मी म्हटलं, आठवून सांगतो. ती हसली. आठ वर्षांनी येणारी गोष्ट विसरता आणि गोगलगायी मोजत बसता, म्हणाली.

एका तारखेत सगळं निभावलं असतं. मला तारीखही माहीत होती, फाटकाशी गर्दी सुरू झाली तो रविवार. लिहिलं असतं तर ती मुलगी ते प्रकरण घेऊन गेली असती, पुढे ते छापून आलं असतं, कोणी परदेशात वाचलं असतं की मुंबईच्या कुशीतलं जंगल सावरतंय. आणि त्याच्या मुळाशी सुगंधा गेल्यावर मी खुर्चीतून उठलो नाही, एवढंच असतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी फळा पुसला आणि वर गेलो. यंदा पाऊस मेमध्येच आला, त्यामुळे वाट हिरवी आणि निसरडी झाली होती. ओढा ओलांडून डावीकडे चढलो. उतारावर कारवीची काटकं उभी होती, फुलून मेलेली, छातीइतकी उंच, करडी. त्यांच्या सुक्या बोंडांतली बरीच फुटून गेली असावीत, पण काही राहिली होती. ऊन-पावसाने ती तडकत होती. एक इथे, एक तिथे, मग पाच-सहा एकदम. बी उडून पानांवर पडल्याचा आवाज येत होता. मी दगडावर बसलो. काही वेळाने पाच पावलांवर पालापाचोळा हलला आणि नवरंग पुढे आला. पानं उलटत होता, एक गांडूळ ओढत होता. खांद्याचा निळा, पोटाखालचा लाल, डोळ्यावरची काळी पट्टी, सगळं स्वच्छ दिसलं. पूर्वी तो दिसला की माझे हात आपोआप जोडले जायचे. त्या दिवशी जोडले गेले नाहीत. मला काहीच वाटलं नाही, वेन. पण मी तो बघितला. आणि आता हा कुठे लिहू, असा प्रश्न पडला. वरच्या सगळ्या ओळी तशा असताना त्यांच्या खाली ही एक ओळ कशी लिहायची?

उतरताना मला आमच्या गावची देवराई आठवली. रवळनाथाच्या राईतली वाळकी काटकीसुद्धा कोणी उचलत नाही. माझा बाप गिरणीतून रजेवर आलेला असताना त्याने एकदा बैल हाकायला तिथली कुड्याची फोक तोडली. कोणी बघितलं नव्हतं. चार दिवसांनी तो आपण होऊन देवळात गेला आणि गावच्या मानकऱ्यांसमोर उभं राहून त्याने ते सांगितलं. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, लेकराकडून चूक झाली ती पदरात घे, आणि सगळे एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले. मी दहा वर्षांचा असेन. घरी येताना विचारलं की देवाला तर आधीच माहीत होतं, मग एवढ्या लोकांसमोर कशाला. बाप म्हणाला, "देवाक सांगणा सोपा असता रे. तो खंय तोंड फिरवता?" मी सोळा महिने रोज देवासमोर बसत होतो. त्याला सगळं सांगूनही झालं होतं.

गुरुवारी मी मानसीला बोलावलं, आणि समितीच्या वसुधाताईंनाही. बसा म्हणाल्या तरी उभाच राहिलो. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मानसी आधी समजलीच नाही. मग तिने एकेक विचारायला सुरुवात केली. म्हणजे नवरंगसुद्धा नाही? नाही. पांगारा? नाही. काजवे, धोबी, ती गोगलगायींची मोजणी? ती नावं घेत गेली आणि मी प्रत्येकाला नाही म्हणत गेलो. शेवटी तिने लॅपटॉप मिटला. "अख्खं प्रकरण गेलं माझं, काका," म्हणाली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. वसुधाताई एवढंच म्हणाल्या की जुलैच्या बैठकीत ठरवावं लागेल, मला ठेवायचं की नाही. त्यांचं बरोबर आहे. तुला ते दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं. तू कृपा करून त्यांना फोन करू नकोस.

अर्ध्या तासाने मानसी आत आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "कारवी मी बघितली होती. एकवीस सप्टेंबरला. कॉलेजबरोबर आले होते, वाट तुम्हीच दाखवलीत. माझ्या नावाने लिहू?" मी वही तिच्यापुढे ठेवली. तिने तारीख, वेळ, जागा लिहिली, पुढे स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. अक्षर रागात होतं, पेन कागदात रुतलं होतं. आपल्या दोघांखेरीज तिसऱ्या माणसाचं अक्षर त्या वह्यांमध्ये पहिल्यांदा आलं. तिच्या बाईंनी तिला तीन महिने वाढवून दिले आहेत. परवा येऊन तिने विचारलं की तुमच्याकडे बावीस सालचे कच्चे कागद आहेत का. म्हणजे ती माझ्याशी बोलते आहे, कामापुरती.

मग मी लाल पेन्सिल आणि पट्टी घेऊन बसलो. या मेपासून मागे मागे जात एकेक ओळ खोडली आणि प्रत्येक पानाखाली लिहिलं, ‘जागेवर न जाता उतरवलेलं’, खाली सही. दोन्ही वह्या मिळून तीनशे अकरा ओळी निघाल्या. दोन दिवस लागले. शेवटी चोवीस सालच्या फेब्रुवारीच्या पानावर आलो. तिथे वरून सातवी ओळ अशी आहे: ‘१८ फेब्रुवारी, सकाळी ७.४०, टेकाडावरची काटेसावर, भोरड्या, अंदाजे दोनशे.’ ही ओळ मला सगळ्यांत आधी खोडायची होती, आणि तीच शेवटची खरी ओळ आहे. त्या रविवारी मी घाटकोपरहून फक्त कुलूप उघडायला आलो होतो. सुगंधाजवळ माझी बहीण शेवंती बसली होती. सुगंधा म्हणाली होती, लवकर येवा. कुलूप उघडलं आणि वरून भोरड्यांचा कालवा ऐकू आला. म्हटलं, वीस मिनिटं. वही पिशवीतच होती. झाड पाखरांनी काळं-गुलाबी झालं होतं, फुलं टपटप पडत होती, मी उभ्या उभ्या लिहिलं आणि मला फार बरं वाटलं. त्या टेकाडाकडे फोन लागत नाही, तुला माहीत आहे. खाली आलो तेव्हा शेवंतीचे नऊ फोन येऊन गेले होते. सुगंधा सात पस्तीसला गेली होती. तुला आणि सौरभला मी सांगितलं की मी जवळ होतो, तिचा हात माझ्या हातात होता. तो शेवंतीच्या हातात होता, आणि तिने आजवर ते कोणाला सांगितलेलं नाही. मानसी या पानांचे फोटो तुला पाठवणार आहे. त्या ओळीपुढे सगळं लाल बघून तू विचारशील की त्या दिवशी काय झालं, म्हणून तिच्याआधी हे पत्र पाठवतो आहे. मला अजून रडू आलेलं नाही. पण ती ओळ मी खोडली नाही. शुक्रवारी तिच्याखाली निळ्या शाईने लिहिलं, ‘याच वेळी घाटकोपरला सुगंधा गेली. मी तिच्याजवळ नव्हतो,’ खाली सही केली, त्या पानाचा फोटो सौरभला पाठवला आणि वही मानसीच्या हातात दिली.

उत्तर जमेल तेव्हा दे, नाही दिलंस तरी मी समजेन.

तुझाच,
गुणाजी